वाचकांचे प्रश्न : अल्पायुषी नाण्यांचा संग्रह

गेल्या अंकात जुन्या चलनाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे वीस पैसे आणि तीन पैसे या दोनच नाण्यांभोवती फिरत असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात कपाट आवरताना पत्र्याच्या डब्यात वीस पैशांची पिवळी, कमळ असलेली बरीच नाणी सापडली. नातेवाईक म्हणतात की त्यांत सोने आहे, म्हणूनच सरकारने ती बंद केली. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नेऊन दाखवावीत. हे खरे आहे का? आणि ही नाणी इतक्या लवकर का बंद झाली?
*(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)*

उत्तर : गुजरीपर्यंतचा हेलपाटा वाचवा. आपल्याकडील नाणे निकेल-पितळेचे आहे, म्हणजे त्यात तांबे, जस्त आणि थोडे निकेल आहे. त्याचा पिवळा झळाळ तांबे-जस्ताचा आहे. सोन्याची ही समजूत कोल्हापुरातच नव्हे, तर महाराष्ट्रभर पसरलेली आहे. तिचा साधा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. हे नाणे १९६८ मध्ये निघाले, आणि त्या काळी एक ग्रॅम सोने घ्यायचे तर वीस पैशांची पन्नासहून कितीतरी अधिक नाणी मोजावी लागत. नाण्याच्या दर्शनी किमतीपेक्षा अनेक पटींनी महाग धातू त्यात घालणारी टांकसाळ जगात कुठेही चालणार नाही. कमळ हे लक्ष्मीचे आसन असल्यामुळे पुष्कळ घरांत ही नाणी लक्ष्मीपूजनाला ठेवली गेली आणि तिथून पुढे देवाच्या ताटातल्या नाण्याला सोन्याचा मान मिळाला असावा, असे आमचे अनुमान आहे.

आता बंद होण्याविषयी. वीस पैशांचे नाणे १९६८ मध्ये आणले, पण ते फारसे लोकप्रिय झाले नाही, असे रिझर्व्ह बँकेने आपल्या नाण्यांच्या इतिहासातच म्हटले आहे, आणि १९७१ नंतर हे पितळी नाणे पाडले गेले नाही. लोकांनी ते का नाकारले, याचे उत्तर आमच्या मते बाजारातल्या हिशेबात आहे. दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ पासून लागू झाली असली, तरी भाजीवाला आणि गिऱ्हाईक दोघांच्याही डोक्यात आणेच चालू होते. पंचवीस पैसे म्हणजे नेमके चार आणे, पन्नास म्हणजे आठ आणे; ही दोन नाणी त्यामुळे विनातक्रार रुळली. वीस पैशांना मात्र आण्यांच्या हिशेबात जागाच नव्हती, कारण रूपांतराच्या सरकारी तक्त्यात तीन आण्यांचे १९ नये पैसे होत आणि चार आण्यांचे २५. शिवाय दहाची दोन नाणी दिली की वीस होतातच, मग वेगळ्या नाण्याची गरज कोणाला भासणार? दहा पैशांचे नाणेही त्याच सुमारास निकेल-पितळेचे झाले होते. कडेच्या पाकळ्यांमुळे ते ओळखू येई, तरी मूठभर चिल्लर चाचपणाऱ्या दुकानदाराला आणखी एक पिवळे नाणे नकोसेच वाटले असणार.

आपल्या डब्यातील नाणी मात्र एकदा नीट निवडा. साधे कमळ असलेले नाणे सर्वांत जास्त आढळते. दुसऱ्या प्रकारात कमळावर सूर्य असून सोबत सर्वांसाठी अन्न ही घोषणा आहे. ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या निमित्ताने निघाले. तिसऱ्या प्रकारावर गांधीजींची मुद्रा आहे. हे तिन्ही प्रकार आणि त्यांतली निरनिराळी वर्षे व टांकसाळी जुळवणे, हाच या नाण्याच्या संग्रहातला खरा रस आहे. नाण्याचे आयुष्य थोडे होते याचा अर्थ ते दुर्मिळ आहे असा होत नाही, कारण चारच वर्षांतही टांकसाळींनी ती भरपूर पाडली. घासून गुळगुळीत झालेल्या नाण्याला फार मोल येणार नाही. कमळाच्या पाकळ्यांच्या कडा आणि सिंहांच्या आयाळीतील बारीक रेषा ज्यांवर शाबूत आहेत, ती बाजूला ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे वीस पैशांचे एक नाणे आहे, त्यावर १८६९ आणि १९४८ अशी दोन्ही वर्षे आहेत. ते इंग्रजांच्या काळातील आहे का?
*(महाविद्यालयीन विद्यार्थी, उचगाव)*

उत्तर : नाही. ती गांधीजींच्या जन्माची आणि निधनाची वर्षे आहेत. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी चार मूल्यांची नाणी निघाली, त्यांतले हे सर्वांत लहान मूल्याचे. १८६९ मध्ये पैसाच दशमान नव्हता, एवढ्यावरूनही शंका फिटावी.

प्रश्न : सासूबाईंच्या देव्हाऱ्यातील वीस पैशांवर कुंकू आणि तेल घट्ट बसले आहे. चिंच लावून घासले तर चालेल ना? तीन पैशांची काही नाणीही पांढरट पडली आहेत.
*(गृहिणी, मंगळवार पेठ)*

उत्तर : कृपया घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावले की पितळ एकदा लख्ख होते खरे, पण सोबत वरचा मूळ थरही जातो आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. संग्राहक असे नाणे प्रकाशात जरा तिरके धरून पाहतो आणि परत करतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून नाणे त्यात काही वेळ भिजत ठेवा, मग स्वच्छ, शक्यतो ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून काढा आणि मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसते टिपा. जे कुंकू निघत नाही, ते राहू द्या.

तीन पैशांचे नाणे ॲल्युमिनियमचे असल्याने त्याला आम्ल आणि सोडा दोन्ही बाधतात. पांढरट भुकटी हे ओलाव्याचे काम आहे, आणि आपल्याकडचा पावसाळा पाहता ते साहजिक आहे. ती खरवडू नका. नाणी कोरड्या हवेत कडेने धरून हाताळा, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बमपासून त्यांना दूर ठेवा. त्या प्लॅस्टिकमुळे पितळी नाण्यांवर कालांतराने हिरवा चिकट थर धरतो.

प्रश्न : तीन पैशांचा पूर्ण संच करायचा आहे. सुरुवात कशी करावी? वर्षाखालच्या खुणांचा अर्थ काय?
*(निवृत्त शिक्षक, शाहूपुरी)*

उत्तर : मर्यादित खर्चात पुरा होऊ शकणारा हा संग्रह आहे, म्हणून आपली निवड आम्हाला आवडली. षट्कोनी आकाराचे, सव्वा ग्रॅमचे हे नाणे १९६४ मध्ये आले, म्हणजे पैशाच्या आधीचे ‘नया’ हे विशेषण जून १९६४ मध्ये गळाले त्याच वर्षी. चलनासाठी ते १९७१ पर्यंत पाडले गेले. अर्ध्या आण्याचा हिशेब तीन पैशांच्या आसपास येत असल्याने त्याला निदान काही काम तरी होते; पुढे धातू आणि घडणावळीचा खर्च नाण्याच्या किमतीला परवडेना, तेव्हा एक आणि दोन पैशांबरोबर तेही सत्तरच्या दशकात मागे पडले.

वर्षाच्या खाली हिऱ्याची खूण असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. गोल ठिपका नोएडाचा. पण ती टांकसाळ १९८८ ची असल्याने आपल्या संचात तो दिसण्याचा प्रश्नच नाही आणि कोणी दाखवलाच तर व्यवहार तिथेच थांबवावा. आधी आठही वर्षांचे एकेक नाणे मिळवा, खुणांच्या मागे नंतर लागा. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मोडवाल्यांकडे चिल्लर चाळण्याची तयारी असेल तर भिंग खिशात ठेवा, कारण ॲल्युमिनियमवरची खूण झिजली की हिरा आणि कोरी जागा यांत उघड्या डोळ्यांना फरक दिसत नाही.

प्रश्न : १९८२ नंतरची वीस पैशांची ॲल्युमिनियमची नाणी पिशवीभर आहेत. बँक घेईल का? एका जाहिरातीत रिझर्व्ह बँकेच्या नावाने मोठी रक्कम देऊ केली आहे, फक्त आधी नोंदणी शुल्क मागितले आहे.
*(दुकानदार, कसबा बावडा)*

उत्तर : शुल्क भरू नका. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली आपले नाव वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातो, अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. बँकेत भरण्याची वेळही टळून गेली आहे, कारण पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून कायदेशीर चलनात नाहीत. या षट्कोनी नाण्यांना संग्राहकांकडून विशेष मागणी नसते. तरीही मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक वर्षाचे आणि प्रत्येक टांकसाळीचे एक स्वच्छ नाणे काढून ठेवा. उरलेल्यांचे वजनावर जे काय येईल ते घ्या.