ध्रुव अढळ नाही, आणि हे मी भर लग्नात बोललो

हजारो वर्षांनी आपल्याकडून वेगळी नक्षत्रं दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. दिसतील. पण या विषयावरून मी स्वतःच्या लग्नात बोलणी खाल्ली आहेत, तेव्हा आधी ते ऐका.

सप्तपदी झाली आणि गुरुजी म्हणाले, ‘आता वधूला ध्रुव दाखवा.’ दुपारचा दीड वाजलेला, वर कार्यालयाचा पत्रा. मी पत्र्याकडे बोट केलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘हा काही कायमचा ध्रुव नाही.’ बायको हसली. सासरे हसले नाहीत. ‘जावईबापू, अढळ आहे म्हणूनच दाखवतात तो.’ पंगतीत जिलबी येईपर्यंत चौघांनी मला बाजूला घेऊन समजावलं.

माझं चुकलं काय? अयनचलनाने, म्हणजे भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत, पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी मारतो. इ. स. पू. २८००च्या आसपास ध्रुवपद कालेय तारकासमूहातल्या ठुबानकडे होतं. अजून १२ हजार वर्षांनी अभिजित तारा त्या बाजूला असेल. फार लांब कशाला, १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा आजचा ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून (आकाशात जिकडे अक्ष रोखलेला असतो तिथून) जवळजवळ अडीच अंश लांब होता. म्हणजे पाच पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडा, तेवढा! आज तो पाऊण अंशाच्याही आत आलाय, २१००च्या सुमारास सगळ्यात जवळ येईल आणि मग निघाला परत.

हे मी सासऱ्यांना चौदा वर्षं सांगतोय. शेवटी मागच्या डिसेंबरात त्यांच्या कोकणातल्या घरी अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणला, सहा फुटांचा. ध्रुवाकडे रोखून गच्चीवरच्या टाकीच्या शिडीला सुतळीने आवळला. ध्रुव तिथून जेमतेम अठरा अंशांवर, नारळांच्या शेंड्यांना लागून, त्यामुळे जागा शोधण्यातच तास गेला. रात्री आठला अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एक डोळा मिटून पाहिलं. तारा बरोब्बर मधे. दोन वाजता त्यांना उठवून पुन्हा वर नेलं. पाइप रिकामा. मफलर सारखा करत अण्णा म्हणाले, ‘तारा नाही हलला. तुमचा पाइप हलला.’ आणि जिना उतरून झोपायला गेले.

असो, तुमचा प्रश्न. त्रिशंकू हा चार ताऱ्यांचा समूह बघून घ्या. मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला पुण्याहून दक्षिणेला दिसतो, पण त्याचा खालचा तारा क्षितिजापासून आठ अंशच वर येतो. दीड-दोन हजार वर्षांत तो तारा पुण्यातून दिसेनासा होईल. उलट खगोलज्ञ टॉलेमीने दुसऱ्या शतकात पुण्याच्याही कितीतरी उत्तरेला, अलेक्झांड्रियात बसून हेच तारे शेजारच्या नरतुरंग तारकासमूहाचे म्हणून नोंदवले होते. अगस्त्य तारा आपल्याला आणखी सातआठ हजार वर्षं दिसत राहील. मृग बारा-तेरा हजार वर्षांनी दक्षिणेला खूप खाली उतरलेला असेल, आपल्याला दिसेल, लंडनवाल्यांना मात्र त्याच्या शेजारचा व्याध दिसणारच नाही. बाकीच्यांचा हिशेब एखाद्या तारामंडळाच्या ॲपवर सन बदलून स्वतः करा, मजा येते.

नक्षत्रांचे आकार मात्र एवढ्या काळात फारसे मोडत नाहीत, अख्खं आकाशच सरकतं. म्हणून ‘नक्षत्रं नष्ट होणार’ वगैरे फॉरवर्ड आले तर सरळ डिलीट करा. आणि लग्नात ध्रुव दाखवायचाच असेल तर रात्री गच्चीवर नेऊन दाखवा, पत्र्याला बोट कसलं दाखवता.

एक कबुली राहिली. माझ्या पाइपने अयनचलन सिद्ध होत नाही. ते ७२ वर्षांत एक अंश, एका रात्रीत काय दिसणार? त्या रात्री फक्त एवढंच दिसलं की ध्रुव नेमका बिंदूवर नाही. आणि पृथ्वी फिरते, पाइप पृथ्वीला बांधलेला, म्हणजे हलला तो पाइपच. अण्णांना हे कळवलेलं नाही. ते इथलं काही वाचत नाहीत.