वाचकांचे प्रश्न: बायबलमधला प्रश्न स्वतःला कसा विचारावा?

प्रश्न: बायबल रोज वाचते, पण येशूचे प्रश्न नुसते वाचून पुढे जाते. आत्मपरीक्षणासाठी ते कसे घ्यावेत?

उत्तर: मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या जीवनाची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकाच्या) 10व्या अध्यायापासून सुरुवात करा. ‘मी तुमच्यासाठी काय करावे?’ हा प्रश्न येशू तिथे दोनदा विचारतो. 36व्या वचनात याकोब आणि योहान या शिष्य भावांना; ते मानाची जागा मागतात. 51व्या वचनात यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाला. तो दृष्टी मागतो. फार बोलके आहे हे!

35 ते 52 सलग वाचा. मधली सेवेविषयीची वचने गाळू नका, दोन्ही उत्तरांतला फरक त्यांच्यामुळेच कळतो. मग 51व्या वचनाशी थांबून बार्तीमयाच्या जागी स्वतःला ठेवा आणि मनात आलेले पहिले उत्तर वहीत लिहा. बहुतेकांचे इथेच चुकते: ‘देवा, तुझी इच्छा’ असे शोभेलसे वाक्य लिहून खरी मागणी झाकली जाते. मान हवा असेल तर तेच लिहा. येशूने त्या दोघा भावांना हाकलले नाही. त्यांना पुढचा प्रश्न विचारला, आपला प्याला, म्हणजे आपल्या वाट्याचे दुःख, त्यांच्याने पिववेल काय, असा. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न घ्या. आठवड्याला असे दोन प्रश्न पुष्कळ झाले.