‘फिर्ड’ला अर्धवेळ सैन्य म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अँग्लो-सॅक्सन इंग्लंडवरच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘फिर्ड’साठी, म्हणजे मोहिमेपुरत्या बोलावलेल्या फौजेसाठी, ‘अर्धवेळ सैन्य’ आणि ‘हाउसकार्ल’साठी, म्हणजे राजा-सरदारांच्या घरच्या लढवय्यांसाठी, ‘व्यावसायिक सैनिक’ हे शब्द चालतील का?

‘अर्धवेळ’ नको. मराठीत अर्धवेळ म्हटलं की दुपारी दोनला दप्तर आवरून घरी जाणारा लेखनिक डोळ्यांपुढे येतो. फिर्डमधला माणूस मोहिमेवर असेपर्यंत पुरता शिपाईच असे. मुदत भरली की घरी. फिर्ड या शब्दाचं मूळ ‘फारान’, म्हणजे जाणे, प्रवास करणे, या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी जोडलेलं आहे. मोहीम आणि मोहिमेवर निघालेली फौज, दोन्हींना फिर्डच म्हणत. आपली ‘स्वारी’ही अशीच दुहेरी आहे. त्या काळच्या इतिवृत्तात स्वतःच्या फौजेला सहसा फिर्ड आणि डेनिश हल्लेखोरांच्या फौजेला ‘हेरे’ म्हटलं आहे, त्यामुळे दोन्हीकडे सरसकट ‘सैन्य’ लिहिलंत तर मुळातला आप-परभाव जाईल.

माझी पसंती ‘पाळीची फौज’ला. नवव्या शतकात वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाने फिर्डचे दोन भाग केले होते: एक घरी, एक चाकरीवर, बुऱ्ह म्हणजे तटबंदीच्या ठाण्यांवर राहणारी माणसं वेगळीच. त्याच इतिवृत्ताच्या 893 च्या नोंदीत या व्यवस्थेची पंचाईतही दिसते. डेनिश टोळीला एका बेटावर कोंडून धरलेलं असताना वेढा घालणाऱ्यांची मुदत भरली, शिधाही संपला, आणि बदलीची तुकडी अजून वाटेवर असतानाच ते घरी निघाले! ‘पाळी’ म्हटल्यावर हे न सांगता कळतं. ‘हंगामी’ही वाईट नाही, पण त्याला आज रोजंदारीचा वास येतो. 1066 मध्ये इंग्लंडच्या हॅरल्ड राजाने उन्हाळाभर दक्षिण किनाऱ्यावर फौज बसवून ठेवली आणि शिधा संपल्यावर 8 सप्टेंबरला मोडली, त्या प्रसंगापुरतं मात्र ‘हंगामी’ चपखल बसेल.

‘शेतकऱ्यांची फौज’ असं स्पष्टीकरण कंसात घालायचा मोह होईल. तो आवरा. 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडमधल्या जमिनींच्या सरकारी पाहणीत, बर्कशर परगण्याची रीत दिली आहे: पाच हाइड जमिनीमागे एक लढवय्या जायचा, आणि त्याच्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी दर हाइडमागे चार शिलिंग द्यायचे. हाइड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन. म्हणजे पाच हाइडांचे मिळून वीस शिलिंग. ते राजाकडे भरायचे नाहीत, थेट जाणाऱ्याच्या हातात द्यायचे. इतका खर्च करून पाठवलेला माणूस नांगर सोडून हाती येईल ते हत्यार घेऊन धावलेला नसणार. आणि हे सगळं ऐच्छिकही नव्हतं. वेसेक्सच्या इनी राजाच्या कायद्यात, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीस, फिर्डला न जाणाऱ्या जमीनदार सरदाराला 120 शिलिंग दंड आणि जमीन जप्त, तर साध्या कुळवाड्याला 30 शिलिंग दंड आहे.

‘शिलेदार’ सुचवणारे भेटतील. स्वतःचं घोडं-हत्यार आणणारा म्हणून तो जवळचा वाटतो, पण शिलेदार सरकारी पगार घेई, आणि वाचकाच्या मनात लगेच मराठेशाही उभी राहील. ‘शिबंदी’, म्हणजे ठाण्याच्या बंदोबस्ताची फौज, फिर्डला नको. बुऱ्हवरच्या माणसांसाठी हवी तर कामी येईल.

आता हाउसकार्ल. डेनिश राजा क्नूटबरोबर, म्हणजे 1016 नंतर, इंग्लंडमध्ये रुळलेला हा नॉर्स शब्द, अर्थ ‘घरचा माणूस’, चाकर. राजाच्या किंवा बड्या सरदाराच्या घरी पोसलेले हे लढवय्ये. ‘थेन’चा, म्हणजे त्या काळच्या जमीनदार सरदाराच्या पदवीचा, मूळ अर्थही सेवकच. आपल्याकडे ‘शिपाई’ उलट दिशेने गेला: रणांगणावरून निघाला आणि कचेरीच्या दाराशी स्टुलावर येऊन बसला.

‘व्यावसायिक’ इथे गुळगुळीत वाटतो आणि ‘धंदेवाईक’ शिवीसारखा. मी ‘हुजरातीतले (राजाच्या खास फौजेतले) शिपाई’ किंवा मराठेशाहीचा संदर्भ टाळायचा असेल तर ‘पदरचे शिपाई’ लिहीन. ‘पदरी बाळगणे’ या प्रयोगात धन्याशी असलेलं वैयक्तिक नातं आपोआप येतं. शिवाय डूम्सडेमध्ये काही हाउसकार्लांच्या नावावर जमिनी आहेत, म्हणजे ते नुसते पगारावर जगणारे नव्हते. ‘पदरचे’ म्हटलं की जमीन असो वा रोख, दोन्ही सामावतं.

‘भाडोत्री’ मात्र राखून ठेवा. 1012 मध्ये डेनिश हल्लेखोरांचा म्होरक्या थॉर्केल 45 गलबतांसह इंग्लंडच्या एथेलरेड राजाच्या चाकरीत आला, आणि अशा लोकांच्या खर्चासाठी ‘हेरेगेल्ड’ नावाचा कर सुरू झाला. तो एडवर्ड राजाने 1051 मध्ये बंद केला. त्या गलबतांवरच्या माणसांना भाडोत्री म्हणा, खुशाल.