ग्रीसने 2004 चा युरो कप जिंकला, ते निव्वळ नशीब होतं का?

तुम्ही विचारलंय की ग्रीसला 2004 च्या युरो कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, लॉटरी लागली, की संघात खरंच काही बदललं होतं. माझ्या मते बदललं होतं, आणि भरपूर.

आधीचा ग्रीस आठवा. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये तिन्ही सामने हरले, दहा गोल खाल्ले, केला एकही नाही. 2001 मध्ये ओटो रेहागेल हे जर्मन प्रशिक्षक ग्रीसकडे आले, तर पहिल्याच सामन्यात फिनलंडने 5-1 ने धुतलं. युरोच्या पात्रता फेरीची सुरुवातही स्पेन आणि युक्रेनकडून हरूनच झाली. त्यानंतर मात्र सलग सहा विजय, त्यातला एक थेट स्पेनमध्ये जाऊन.

आपल्याकडे फ्रान्सच्या झिदानसारखा कोणी स्टार नाही, हे रेहागेल यांनी आधी मान्य केलं आणि डाव त्यावरच रचला. बहुतेक संघांनी तोवर सोडून दिलेलं मॅन-टू-मॅन मार्किंग, म्हणजे प्रत्येक बचावपटूने समोरच्या एका ठरलेल्या खेळाडूला चिकटून राहणं, त्यांनी परत आणलं. चेक प्रजासत्ताकाविरुद्धची सेमीफायनल बघा: चेक संघाच्या चपळ बारोशच्या मागे ग्रीसचा सेइतारिदिस, धिप्पाड कोलरला काप्सिस, आणि दोघांच्या मागे डेलास मोकळा, कोणी निसटलाच तर त्याला अडवायला. ज्याला त्याला आपलं काम पक्कं ठाऊक होतं.

गोल करायची वाटही ठरलेली. क्वार्टर फायनलला फ्रान्सविरुद्ध ग्रीसच्या झागोराकिसने उजवीकडून फ्रान्सच्या लिझाराझूला चकवून क्रॉस दिला, म्हणजे बॉल गोलसमोर टाकला, खारिस्तेआसचा हेडर (डोक्याने मारलेला फटका), गोल. सेमीफायनलला त्सिआर्तासचा कॉर्नर, डेलासचा हेडर. लिस्बनच्या फायनलमध्ये बासिनासचा कॉर्नर. पोर्तुगालचा गोलकीपर रिकार्डो पुढे आला, पण खारिस्तेआसचं डोकं आधी पोहोचलं. तिन्ही सामने 1-0, तिन्ही गोल हेडरने. असं तीनदा नशिबाने होत नाही.

नशिबाचा वाटा होताच. गटात स्पेनशी गुण आणि गोलफरक दोन्ही सारखे होते, जास्त गोल केले म्हणून ग्रीस पुढे गेला. सेमीफायनलमध्ये चेक संघाचा स्टार नेदवेद पहिल्याच हाफमध्ये जखमी होऊन बाहेर गेला. त्याला काही रेहागेल यांनी बाहेर काढलं नव्हतं.

हा खेळ कंटाळवाणा होता असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. गतविजेत्या फ्रान्सला 90 मिनिटं रोखून धरणं हेही फुटबॉलच आहे. तो बचाव मी आजही आवडीने बघतो, आणि झागोराकिसला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू निवडलं ते अगदी योग्य होतं.