आधी टेप, मग तोंड

पोरी,

तुझा फोन आला तेव्हा मी पेन्शनच्या कामाला बँकेत होतो, नीट बोलता आलं नाही. "सर, ज्यांना खडकातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी हात वर करून पाण्याचं ठरवायचं?" असं विचारलंस. ग्रामसभेत तुझा भूजलाचा नकाशा कुणी उलगडूही दिला नाही, आणि पाणाड्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला तसं सगळं गाव तिकडं पळालं. राग येणारच. पण "यांना विचारायचंच कशाला" या तुझ्या वाक्यानं मला रात्री झोप लागली नाही.

ऑक्टोबर १९९२. किल्लारीच्या बाजूला जमीन हादरत होती, पोटातून गुरगुर यायची. मी तुझ्याच वयाचा, कचेरीत नवा. एका गावातला म्हातारा भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आला. धक्का बसला त्या तारखेला कोळशाची रेघ. कुठं एक, कुठं तीन, कुठं चार. म्हणाला, "साहेब, वाढायलंय का कमी व्हायलंय, तेवढं सांगा." मी कॅलेंडर हातातसुद्धा घेतलं नाही. भूकंपाच्या धोक्याचा नकाशा दाखवला. त्यात आपला भाग झोन एक, देशात सगळ्यात कमी धोक्याचा. चहा पाजून परत पाठवलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं झोपली होती, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. पुढचं तुला माहीत आहे. लातूर झोन तीनमध्ये गेलं ते नंतर. त्या म्हाताऱ्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

भूकंपाची तारीख तेव्हाही कुणाला सांगता येत नव्हती, आजही येत नाही. नकाशाही मी काढलेला नव्हता. तीस वर्षं हेच स्वतःला सांगत आलोय, सांगू दे. पण त्यानं तारीख कुठं विचारली होती? घराच्या भिंती दगडमातीच्या, वर माळवद, आणि गळू नये म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर. वर चढून टेप लावला असता तर हातभर माती निघाली असती. "काही दिवस अंगणात झोपा, वरची माती उतरवा," एवढं सांगायला नकाशा लागत नव्हता. मोजलं होतं त्या म्हाताऱ्यानं. अडाणी मी होतो.

तेव्हापासून एकच हट्ट: आधी मोज, त्यांना मोजायला लाव, मग तोंड उघड. कचेरीतले हसायचे. हसोत.

तू काय केलंस? रंगीत कप्पे दाखवलेस. बेसॉल्टात, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात असतं, हे तुला पुस्तकातून कळलं. ज्याचे तीन बोअर कोरडे गेले त्याला खिशातून कळलंय. (माझ्या वडलांनी नारळवाल्याच्याच जागी बोअर घेतला, पाणी लागलं, आणि माझ्या डिग्रीकडं बघून ते मरेपर्यंत हसत राहिले. जाऊ दे.) पाणाड्याशी भांडू नकोस. त्यानं दाखवलेल्या जागा वहीत लिही: किती फुटाला लागलं, किती कोरडे गेले, मे महिन्यात किती चालू राहिले. वही सभेत गावातल्याच पोराला वाचायला लाव. तू वाचू नकोस.

आणि ऊस. २००९ चा भूजल कायदा सरकारनं जाहीर केलेल्या भागांत ६० मीटरच्या, म्हणजे दोनशेक फुटांच्या, खाली जाऊ नका म्हणतो. जाणकारांचाच कायदा, आपल्याकडं उसापायी आठशे फुटांवर बोअरच्या गाड्या घरघरतायत. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तरी घरघर थांबली नाही. त्यापेक्षा पारावर खडूनं मांड. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. मोकाट पाण्यावरच्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. वरून पडतं सातशे-आठशे, त्यातलं मुरतं थोडकंच. उत्तर लोक तुझ्या आधी सांगतील, सावकाराचं व्याज तोंडी काढणारी माणसं आहेत ती.

विहिरीत पाणी किती, हे हात वर करून ठरत नाही, हे तुझं बरोबर. पण ते कुणाच्या शेताचं तोडायचं हे तुझ्या एमएस्सीनं ठरत नाही. ऊस त्यांनी मोडायचा, लेकीच्या लग्नाचं कर्ज त्यांनी फेडायचं, आणि निकाल तू देणार? कुठल्या हक्कानं? मोजूनही ते ऊसच लावतील, असंही होईल. माझ्यासमोर दोन गावांत झालंय. संतापून मी वर्षभर तिकडं फिरकलो नाही, आणि त्या वर्षाची मोजणी राहिली ती राहिलीच.

एसटीच्या पार्सलनं माझा टेप पाठवलाय. टोकाला शिशाचं वजन आहे, विहिरीत सरळ उतरतो. पहिल्या मीटरचे आकडे पुसलेत, तेवढं घरी पट्टीनं तपासून घे. ऑक्टोबर संपायच्या आत दहा विहिरी तरी मोजून व्हायला हव्यात, पावसाळ्यानंतरची पातळी पुन्हा मिळत नाही.

सर