अ‍ॅपमध्ये चढवलेला फोटो फिका पडतो तेव्हा

आपण लिहिले आहे की, अ‍ॅपच्या प्रोफाइल स्क्रीनसाठी चेहऱ्याच्या छायाचित्रावर दोन दिवस खपून रीटचिंग केले, संगणकावर ते उत्तम दिसले, आणि अ‍ॅपमध्ये चढवल्यावर मात्र त्वचा राखाडी झाली व फोटोवरचे नावही वाचता येईना. हे वाचताना मला माझेच जुने दुखणे आठवले. लेअर, क्रॉप वगैरे आपल्याला ठाऊक असेलच असे धरून चालतो. मी हे काम चुकत-माकत शिकलो आहे, रीतसर प्रशिक्षण घेतलेले नाही. त्यामुळे माझी मते त्याच बेताने घ्यावीत.

रंगाचा दोष बहुधा आपल्या हाताचा नसून कलर प्रोफाइलचा, म्हणजे फाइलमधील आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणाऱ्या सोबतच्या माहितीचा आहे. छायाचित्र अडोबी आरजीबी या प्रोफाइलमध्ये असले, की त्यातील आकडे त्या विस्तृत रंगपट्ट्याच्या हिशेबाने लिहिलेले असतात. पुष्कळ अ‍ॅपचे सर्व्हर फाइल हलकी करताना सोबतचे प्रोफाइल काढून टाकतात, मग फोन तेच आकडे एसआरजीबीचे (स्क्रीनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लहान रंगपट्ट्याचे) समजून दाखवतो आणि त्वचेची लाली उतरते.

माझी घोडचूक याच्या पुढची आहे. उपाय म्हणून छायाचित्र एसआरजीबीत आणताना मी ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ऐवजी ‘असाइन प्रोफाइल’ निवडले. कन्व्हर्ट केल्यावर आकडे बदलतात आणि रंग शक्यतो तसाच दिसत राहतो. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. साहजिकच जो फिकेपणा आधी फक्त फोनवर होता तो आता माझ्या मॉनिटरवरही दिसू लागला, आणि मी प्रोफाइलकडे वळून न पाहता सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, वाढवत नेले. ८ बिटच्या, म्हणजे रंगाच्या मोजक्याच पायऱ्या असलेल्या जेपीजीमध्ये एवढी ओढाताण सोसत नाही. गालांवर पट्टे उमटले आणि कपाळ नारिंगी झाले. याहून वाईट म्हणजे हे सारे मी मूळ लेअरवरच करून त्याच नावाने सेव्ह करत होतो. साठएक छायाचित्रांचे मूळ रूप असे कायमचे गेले, आणि ज्यांची ती होती त्यांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवावे लागले.

ज्या सेवेमार्फत ती छायाचित्रे अ‍ॅपमध्ये जात होती, तिच्या मदत कक्षाला मी तीन वेळा लिहिले. तिन्ही वेळा ‘फाइल वैध आहे, कॅश साफ करून पाहा’ एवढेच उत्तर आले. ‘आमच्याकडे प्रोफाइल काढून टाकले जाते’ हे एक वाक्य कोणी लिहिले असते, तर माझे तीन आठवडे वाचले असते. तेव्हापासून मी मदत कक्षाला विचारण्याआधी चढवलेली प्रतिमा पुन्हा उतरवून घेतो आणि तिच्यात प्रोफाइल शिल्लक आहे की नाही ते स्वतः तपासतो. आपणही आधी तेच करावे.

आता रीटचिंगविषयी. डाग काढण्यासाठी वर एक रिकामा लेअर घ्यावा, हीलिंग ब्रशला खालच्या लेअरवरून नमुना घ्यायला सांगावे आणि मूळ प्रतिमेला हात लावू नये. उजेड-सावली सुधारायची असल्यास ५० टक्के करड्या रंगाचा लेअर सॉफ्ट लाइट मोडमध्ये ठेवून त्यावर अगदी हलक्या ब्रशने काम करावे. बिघडले तर तो लेअर काढून टाकता येतो. फ्रीक्वेन्सी सेपरेशनचे (त्वचेचा पोत आणि रंगछटा वेगवेगळ्या लेअरवर घेऊन दुरुस्त करण्याच्या पद्धतीचे) व्हिडिओ सर्वत्र दिसतात, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण त्यातून चेहरा मेणाचा होण्याचीच शक्यता अधिक. शिवाय प्रोफाइल फोटोचे ९६ डीपीचे (डीपी हे स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारे माप) वर्तुळ तिप्पट घनतेच्या स्क्रीनवर फक्त २८८ पिक्सेलचे असते. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो त्यात बसवला की १० पिक्सेलची पुळी एका पिक्सेलहूनही लहान होते. ३०० टक्के झूम करून रोमछिद्रे पुसण्यात मी घालवलेल्या रात्री कोणाच्याही दृष्टीस पडल्या नाहीत.

नाव न वाचता येण्याचे कारण वेगळे आहे. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर) मागितला आहे, आणि पांढऱ्या अक्षरांच्या बाबतीत तो फोटोच्या सर्वांत उजळ भागावर मोजावा लागतो. फोटो काळवंडून टाकण्यापेक्षा अक्षरांखाली पारदर्शकतेकडून गडदाकडे जाणारा पट्टा टाकावा. खरे तर वापरकर्ता कोणताही फोटो चढवू शकत असेल, तर नाव फोटोच्या खाली, कोऱ्या पार्श्वभूमीवर घेणेच मला शहाणपणाचे वाटते. दिसायला थोडे साधे वाटेल, पण कोणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ते हरवणार नाही.

आपल्या स्क्रीनच्या चित्रात फोटो बदलण्याचे पेन्सिलचे चिन्ह फारच बारीक दिसले, म्हणून जाता जाता: चिन्ह २४ डीपीचे ठेवायला हरकत नाही, पण त्याभोवतीची स्पर्शाला प्रतिसाद देणारी जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी आणि आयओएसवर ४४ पॉइंट (तिथले डीपीसारखेच माप) तरी असावी. हे मॉनिटरवर माउसने तपासू नये; फोन हातात धरून, अंगठ्याने आणि शक्यतो उन्हात उभे राहून तपासावे. त्याच वेळी कन्व्हर्ट केलेला फोटोही पाहून घ्यावा, आणि तरीही त्वचेचा रंग बरोबर वाटला नाही तर सॅच्युरेशनला हात लावण्याआधी फोनमधील डोळ्यांच्या आरामासाठीचा पिवळसर मोड चालू नाही ना, एवढे पाहावे.