टावी पायातून न करता मानेतून करायचं म्हणतात, म्हणजे धोका जास्त आहे का?

वडिलांची महाधमनीची झडप अरुंद झालीय, टावी (छाती न उघडता रक्तवाहिनीतून नवी झडप बसवणं) ठरली होती आणि सीटी पाहिल्यावर डॉक्टर म्हणाले, "पायातून जमणार नाही, मानेतून करू." तुमचा प्रश्न एवढाच ना?

वाट बदलली ती पायाच्या रक्तवाहिन्यांमुळे. त्यावरून हृदय जास्त बिघडलंय असं समजू नका. मी कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी वगैरे करतात तिथे) काम करतो. आमच्याकडे अर्धी लढाई सीटीच्या पडद्यावरच होते.

पहिली पसंती जांघेतल्या धमनीलाच. कापाकापी नाही, बहुतेकदा पूर्ण भूलही लागत नाही. पण झडप घडी करून ज्या शीथमधून (धमनीत घालायच्या नळीतून) वर न्यायची, ती आजकाल साधारण १४ फ्रेंचची असते. फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. म्हणजे आतून जवळपास पावणेपाच मिलिमीटर. त्यामुळे धमनी किमान ५ ते साडेपाच मिलिमीटर तरी हवी. (सुरुवातीच्या काळात २२-२४ फ्रेंचच्या शीथ असायच्या, तेव्हा कितीतरी पेशंट इथेच बाद व्हायचे.) नुसती वळणं असली तर फारसं बिघडत नाही, ताठ वायर घातली की धमनी बऱ्यापैकी सरळ होते. खरी भीती असते ती अरुंद धमनीत चहूबाजूंनी कॅल्शियम साचलं असेल तर. ती ताणत नाही, फाटते, आणि पोटात काही मिनिटांत भरपूर रक्तस्राव होतो. कधीकधी लिथोट्रिप्सीच्या (ध्वनिलहरी सोडणाऱ्या) बलूनने कॅल्शियम तडकवून पायाचीच वाट मोकळी करता येते. वडिलांच्या बाबतीत हा विचार झाला का, हे जरूर विचारा.

नाहीच जमलं तर मानेतली कॅरोटिड किंवा कॉलरबोनखालची धमनी. मानेत छोटा छेद देऊन धमनी उघडी करतात. तिथून झडपेपर्यंतचं अंतर कमी, त्यामुळे कॅथेटर (झडप नेणारी लांब नळी) हाताला छान ऐकतो. काळजी असते मेंदूच्या रक्तपुरवठ्याची, म्हणून दुसऱ्या बाजूची कॅरोटिड चांगली आहे ना, हे आधी बघतात. बरगड्यांमधून थेट हृदयाच्या टोकातून जायची पद्धत आता मागे पडलीय. हृदयाच्या स्नायूला इजा होते आणि म्हाताऱ्या माणसाला श्वास घेताना जखम फार दुखते. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा मान केव्हाही बरी. गंमत म्हणजे २००२ साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी माणसातली पहिली टावी केली ती धमनीतून नव्हे, शिरेतून, हृदयातला पडदा ओलांडून!

झडपेपाशी पोचल्यावर वाट कुठलीही असो, काम तेच. बलूनने फुलणारी झडप असेल तर काही सेकंद पेसिंग करून (तात्पुरत्या वायरने हृदयाला विजेचे झटपट इशारे देऊन) ठोके मिनिटाला १८०-२०० वर नेतात, म्हणजे रक्ताचा जोर ओसरतो आणि बलून जागचा हलत नाही. आपोआप उघडणारी नायटिनॉलची (मूळ आकारात परत येणाऱ्या मिश्रधातूची) झडप हळूहळू सोडतात. जागा चुकलीशी वाटली तर पूर्ण सुटण्याआधी परत आत ओढता येते.

झडपेच्या अगदी खालून हृदयाची विद्युतवाहिनी जाते. ती दबली तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो, मग झडप मानेतून आलेली असो की पायातून. वडिलांच्या ईसीजीत राइट बंडल ब्रँच ब्लॉक (या विद्युतवाहिनीच्या उजव्या फांदीतला अडथळा) लिहिलेला असेल तर ही शक्यता बरीच वाढते, तेव्हा पेसमेकरचं आधीच बोलून घ्या.